फॉग लॅम्प पिवळे का करतात, आणि करायचे तर कसे करावेत?

आजचा विषय दिसायला अगदी लहान आहे. जुन्या गाडीच्या पुढच्या बंपरपाशी दोन गोल दिवे असतात. त्यांना आपण फॉग लॅम्प म्हणतो, आणि बऱ्याच हौशी लोकांना ते पिवळे हवे असतात. जुनी फियाट असो, ॲम्बेसेडर असो किंवा स्टँडर्ड हेराल्ड असो, पिवळ्या काचा लागल्या की गाडीला एक रूप येतं. त्याबद्दल वाद नाही. पण "पिवळेच का?" असं विचारलं, की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: "पिवळा प्रकाश धुकं भेदून जातो."

आज आपल्याला या वाक्याची तपासणी करायची आहे. कारण ते खरं मानून एखाद्याने पावसाळ्यात खंडाळ्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात वेग थोडा जास्त ठेवला, तर मग प्रश्न गाडीच्या रूपाचा राहत नाही. रस्त्याच्या कडेने डोक्यावर इरलं घेऊन चाललेला माणूस वेळेत दिसतो की नाही, असा तो होतो.

तेव्हा मी तीन गोष्टी सांगणार आहे. धुक्यात प्रकाशाचं नेमकं काय होतं, ही पहिली. पिवळ्या रंगाचा खरा उपयोग कुठे आहे आणि कुठे नाही, ही दुसरी. आणि तिसरी म्हणजे, काच पिवळी करायचीच असेल तर ती कशी करावी, म्हणजे दिव्याचं काम बिघडणार नाही आणि पन्नास-साठ वर्षं टिकलेली काच आपल्या हातून खराब होणार नाही.

आकाश निळं, पण धुकं पांढरं

शाळेत आपण प्रकाशाचं विकिरण शिकलो. आकाश निळं का दिसतं, याचं गणित लॉर्ड रॅले यांनी 1871 साली मांडलं. हवेतल्या रेणूंवर प्रकाश आदळतो आणि सगळीकडे विखुरतो. तरंगलांबी जितकी कमी तितकं हे विखुरणं जास्त, आणि तेही चौथ्या घाताने जास्त. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण 450 नॅनोमीटर धरा आणि पिवळ्याची 580. भागाकार करून चौथा घात घेतला, तर निळा प्रकाश पिवळ्यापेक्षा जवळजवळ पावणेतीन पट जास्त विखुरतो.

यावरून लोकांनी निष्कर्ष काढला: निळा काढून टाकला की विखुरणं कमी होईल, आणि उरलेला पिवळा सरळ पुढे जाईल. तर्क वाईट नाही. पण रॅलेच्या नियमाला एक अट आहे. विखुरणारा कण तरंगलांबीच्या मानाने फार लहान असला पाहिजे. हवेचा रेणू तसा असतो. धुक्याचा थेंब तसा नसतो.

धुक्याच्या थेंबाचा व्यास साधारण 5 ते 20 मायक्रॉन असतो. पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी 0.58 मायक्रॉन. म्हणजे थेंब तरंगलांबीच्या दहा ते तीस पट मोठा झाला. एवढ्या मोठ्या गोल कणांचं गणित वेगळं असतं, ते जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव मी यांनी 1908 साली मांडलं. त्याचं सार आपल्यापुरतं एवढंच, की थेंब मोठा असेल तर तो सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतो. निळ्याला वेगळी वागणूक मिळत नाही आणि पिवळ्याला सवलतही मिळत नाही.

याच्या पुराव्यासाठी प्रयोगशाळेत जायला नको. धुक्याचा रंग कोणता? पांढरा. ढगाचा? पांढरा. धुकं जर निळा रंग जास्त विखुरत असतं, तर ते आपल्याला निळसर दिसलं असतं. उलट, कोरड्या दिवशी सह्याद्रीच्या लांबच्या रांगा निळसर दिसतात, कारण मधल्या हवेत अतिशय बारीक कण असतात. बिडीच्या टोकातून वर जाणारा धूर निळसर असतो, आणि तोच धूर ओढून तोंडाबाहेर सोडला की पांढरट दिसतो. छातीतल्या ओलाव्याने कण मोठे झाले, म्हणून रंग गेला. एवढा साधा फरक आहे.

मग गैरसमज आला कुठून? एक वाट फोटोग्राफीची असावी. कृष्णधवल फिल्मच्या जमान्यात लांबच्या डोंगरांचे फोटो काढणारे लेन्सवर पिवळा फिल्टर लावत. त्यामुळे निळसर धुरकटपणा कमी व्हायचा आणि डोंगर स्पष्ट यायचे. ते अगदी खरं आहे. पण ते धुरकट हवेसाठी खरं आहे, दाट धुक्यासाठी नाही. मराठीत आपण दोन्हीला सर्रास "धुकं" म्हणतो, म्हणून घोटाळा आणखी वाढतो.

समोर उभा राहणारा पांढरा पडदा

आता धुक्यात आपल्याला का दिसत नाही, ते बघू. दोन गोष्टी एकाच वेळी होतात. दिव्याचा प्रकाश समोरच्या वस्तूपर्यंत जाताना आणि परत येताना कमी कमी होत जातो, ही एक. दुसरी जास्त त्रासाची. वाटेतले थेंब तोच प्रकाश उलटा आपल्या डोळ्यांकडे पाठवतात. त्यामुळे समोर एक उजळ पडदा उभा राहतो. अंधारात माणूस उभा असेलही, पण पडदाच इतका उजळ की मागचं काही कळत नाही. घाटात धुकं लागल्यावर ज्याने कधी अप्पर लावून बघितला असेल, त्याला हा पडदा माहीत आहे. उजेड वाढवला आणि दिसणं कमी झालं.

म्हणजे प्रश्न उजेड किती याचा नाही. पडद्याची उजळी आणि वस्तूची उजळी यांच्यात फरक किती, हा प्रश्न आहे.

आता याच ठिकाणी पिवळी काच लावून बघू. काचेने निळा-जांभळा भाग अडवला. समजा एकूण प्रकाश 15 टक्के कमी झाला. पडद्याचा प्रकाश किती कमी झाला? 15 टक्के. वस्तूवरून परत येणारा प्रकाश किती कमी झाला? तोही जवळपास 15 टक्के. दोन्ही सारखेच उतरले, कारण थेंब रंगात भेद करत नाहीत. म्हणजे फरकाचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. पिवळ्या काचेमुळे धुक्यातलं दिसण्याचं अंतर वाढत नाही. आजच्या विषयाचं मर्म हे आहे, बाकी सगळं यावरून पुढे येतं.

मग फॉग लॅम्पमध्ये असतं काय?

रंग नाही, तर मग हेडलाइट आणि फॉग लॅम्प यांत फरक कशाचा? उजेडाच्या आकाराचा आणि उंचीचा.

चांगल्या फॉग लॅम्पचा झोत डावी-उजवीकडे खूप रुंद असतो, वर-खाली पातळ असतो, आणि त्याची वरची कड सुरीने कापल्यासारखी असते. त्या कडेच्या वर जवळजवळ अंधार. दिवा खाली बसवलेला असतो. युरोपच्या नियमात मोटारीसाठी तो जमिनीपासून किमान 25 आणि जास्तीत जास्त 80 सेंटीमीटर असावा असं आहे.

याचा फायदा आकड्यात बघा. ड्रायव्हरचा डोळा 1.2 मीटर उंचीवर आहे आणि तो 15 मीटर पुढचा रस्ता बघतो आहे. फॉग लॅम्प 40 सेंटीमीटरवर आहे आणि त्याची वरची कड दर मीटरला 2 सेंटीमीटर खाली उतरते. हिशेब केला तर नजरेचे पहिले 13 मीटर उजेडाच्या वरून जातात, म्हणजे न उजळलेल्या धुक्यातून. शेवटच्या दीड-दोन मीटरमध्येच नजर उजेडात शिरते. हेच हेडलाइट 70 सेंटीमीटरवर आहे, डिपर लावलेला आहे आणि कड मीटरला 1 सेंटीमीटर उतरते असं धरा, तर नजर सातव्या मीटरलाच उजळलेल्या धुक्यात शिरते. आणि अप्परवर तर गाडीच्या नाकापासूनच. दिवा खाली, कड तीक्ष्ण, म्हणून पडदा पातळ. फॉग लॅम्पचं सगळं शास्त्र एवढंच आहे. रुंद झोताचा फायदा वेगळा: साइडपट्टी, दगडी कठडा आणि कडेने चालणारा माणूस जवळून का होईना, पण दिसतो.

म्हणून जुन्या गाडीला पिवळं करायला घेण्याआधी एक खात्री करा: तो दिवा मुळात फॉग लॅम्प आहे का? 1960 च्या दशकातल्या ब्रिटिश गाड्यांवर लुकासचे 576 क्रमांकाचे दिवे फार दिसतात. बाहेरून डबा एकच, पण दोन प्रकार. एक फॉगसाठी, दुसरा लांब पल्ल्याचा. कित्येक गाड्यांवर एका बाजूला हा आणि दुसऱ्या बाजूला तो, अशी जोडी बसवलेली असे. फॉगच्या काचेवर उभ्या रेघा दाट असतात, त्या झोताला आडवं पसरवतात. लांब पल्ल्याची काच बरीच साधी असते आणि झोत भाल्यासारखा सरळ जातो. असा दिवा पिवळा केला, तर तो पिवळा लांब पल्ल्याचा दिवा होतो, फॉग लॅम्प होत नाही. धुक्यात तो अप्परइतकाच वाईट.

फ्रान्सची पिवळी रात्र

तरीही एका अख्ख्या देशाने पिवळ्या दिव्यांवर विश्वास ठेवला होता. फ्रान्सने 1936 साली नियम केला आणि 1937 पासून तिथल्या नव्या गाड्यांचे हेडलाइट पिवळे झाले. फॉग लॅम्प नव्हे, हेडलाइट. यासाठी वापरायच्या पिवळ्याची व्याख्याही ठरली. पांढऱ्या प्रकाशातून निळा आणि जांभळा काढून टाकला की जो लिंबासारखा पिवळा उरतो, तो. फ्रेंचमध्ये त्याला "जोन सेलेक्टिफ" म्हणतात, म्हणजे निवडक पिवळा. बल्बच्या काचेतच कॅडमियमचं संयुग घालून हा रंग आणत. 1993 साली युरोपातले नियम एकसारखे झाले आणि नव्या गाड्यांवरची ही सक्ती गेली.

पिवळे दिवे म्हणजे युद्धात आपली गाडी कोणती, शत्रूची कोणती हे ओळखण्याची युक्ती होती, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट म्हणून छान आहे. पण नियमामागचा मुख्य विचार समोरच्या ड्रायव्हरचे डोळे कमी दिपावेत, हा होता.

काच रंगवण्याचा प्रकारही त्याच काळातला. इंग्लंडहून बोटीने फ्रान्सला गाडी घेऊन जाणारे लोक हेडलाइटच्या काचेवर पिवळं लॅकर ब्रशने लावत, किंवा पिवळ्या प्लास्टिकचं झाकण बसवत. परत आल्यावर खरवडून काढत. त्यातच मॉन्टे कार्लोसारख्या रॅलींमध्ये सिबिए आणि मार्शाल या फ्रेंच कंपन्यांचे पिवळे दिवे गाड्यांच्या नाकावर दिसू लागले आणि पिवळा रंग म्हणजे रॅलीची गाडी, असं समीकरण जगभर बसलं. आज आपल्याला जे "जुनं रूप" वाटतं, त्याचं मूळ तिथे आहे.

फायदा धुक्यात नाही, डोळ्यात आहे

मग फ्रेंच लोक सपशेल चुकले का? तसं नाही. पिवळ्याचा थोडा फायदा आहे, फक्त तो धुक्यात न शोधता डोळ्यात शोधायला हवा.

आपल्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंक्वाकार पेशी असतात. त्यांतल्या निळा रंग टिपणाऱ्या पेशी एकूण संख्येच्या दहा टक्क्यांहूनही कमी. आणि जिथे नजर सर्वांत तीक्ष्ण असते, त्या पीतबिंदूच्या अगदी मध्यभागी तर त्या जवळपास नसतातच. शिवाय डोळ्याचं भिंग निळ्या प्रकाशाची प्रतिमा दृष्टिपटलाच्या जरा अलीकडे तयार करतं, म्हणजे निळा भाग थोडा पुसट असतो. आणि तेवढ्याच उजळीचा प्रकाश निळसर असेल, तर तो डोळ्याला जास्त खुपतो. समोरून निळसर पांढरे हेडलाइट आले की कसं होतं, ते आपण रोज अनुभवतो.

थोडक्यात, निळा भाग बारीक तपशील बघायला फारशी मदत करत नाही, पण त्रास मात्र देतो. तो काढला तर समोरचा पडदा तेवढाच राहतो, पण बोचत नाही. तासभर घाट चढायचा असेल तर डोळे कमी थकतात. हा फायदा खरा आहे. फक्त तो आरामाचा फायदा आहे, अंतराचा नाही.

आणि त्याची किंमतही आहे. मंद उजेडात आपल्या दंडाकार पेशी काम करतात, आणि त्यांना निळा-हिरवा प्रकाश जास्त जाणवतो. नजरेच्या कडेला काहीतरी हललं, हे त्याच पेशी सांगतात. पिवळ्या काचेत त्यांचा थोडा वाटा जातो. म्हणून पिवळा फिका ठेवायचा. गडद करून शोभा वाढेल, दिसणं कमी होईल.

रंगवण्याआधीची तीन कामं

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. पिवळ्या काचेत साधारण 10 ते 20 टक्के प्रकाश जातो. जुन्या दिव्यात आधीच बरंच काही गळत असतं, ते आधी भरून काढा.

पहिलं काम वायरिंगचं. दिव्यापर्यंत 12 व्होल्टऐवजी 11.5 व्होल्ट पोहोचले, तर बल्बचा उजेड साधारण 13 टक्के घटतो. पूर्ण एक व्होल्ट पडला, तर चौथा हिस्सा जातो. गंजलेला अर्थिंगचा बोल्ट, साठ वर्षांची वायर, झिजलेला स्विच, यांत एक व्होल्ट सहज हरवतो. बॅटरीपासून फ्यूज आणि रिले टाकून जाड वायर द्या, आणि दिव्याची अर्थिंगची वायर बंपरच्या भरवशावर न सोडता थेट चासीला घासून-पुसून जोडा.

दुसरं काम रिफ्लेक्टरचं. जुने रिफ्लेक्टर चांदीचा मुलामा दिलेले असतात. स्वच्छ चांदी 90 टक्क्यांहून जास्त प्रकाश परतवते. ती काळी पडली की आपल्याकडे सरळ क्रोम करून आणतात. क्रोम चकाचक दिसतं, पण प्रकाश साधारण दोन तृतीयांशच परतवतं. म्हणजे पिवळ्या काचेपेक्षा दुप्पट नुकसान या एका चकाकीत. परत चांदीचाच मुलामा द्यावा.

तिसरं, डायनामोचा हिशेब. त्या काळच्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांवर असलेला लुकासचा सी-40 डायनामो जास्तीत जास्त 22 अँपिअर देतो. 55 वॉटचे दोन फॉग लॅम्प 9 अँपिअर घेतात. डिपरचे दोन हेडलाइट पावणेसात, मागचे आणि मीटरचे दिवे दोन, वायपर अडीच, इग्निशन कॉइल साडेतीन. बेरीज 22 च्या वर गेली. शिवाय इंजिन आयडलवर असताना डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. आणि धुक्यात आपण हळूच चालतो. तेव्हा कमी वॉटचा बल्ब आणि चांगली बॅटरी, हे पिवळ्या रंगाआधी.

काच पिवळी करण्याचे मार्ग

सर्वांत चांगला मार्ग म्हणजे मूळ पिवळी काच मिळाली तर ती बसवणं. पांढरी काच कापडात गुंडाळून जपून ठेवायची. काचेचा रंग काचेतच असतो, तो उडत नाही.

दुसरा मार्ग पिवळ्या बल्बचा. कारखान्यातच रंगाचा थर दिलेले बल्ब मिळतात. काच जशीच्या तशी राहते, आणि दिवा बंद असताना गाडी मूळ रूपात दिसते. पण घरी बल्ब रंगवू नका. हॅलोजन बल्बची काच काम करताना 250 अंशांच्या वर तापलेली असावीच लागते. तिच्यावर बोटाचं तेल लागलं तरी डाग जळतो आणि बल्ब लवकर जातो, तिथे रंगाचं काय होणार? रिफ्लेक्टरही रंगवायचा नाही. मुलाम्यावरचा रंग नंतर मुलाम्यासकटच निघतो.

तिसरा मार्ग पारदर्शक पिवळ्या फिल्मचा. हेडलाइटवर लावायची जाड, ताणली जाणारी फिल्म मिळते. आधी कागदाचा गोल कापून माप घ्यायचं. काच साबणाने, मग स्पिरिटने स्वच्छ करायची. साबणाचं पाणी फवारून फिल्म ठेवायची, मधून कडेकडे पाणी ढकलायचं आणि हेअर ड्रायरने गरम करत कडा बसवायच्या. दगड उडाला तर काच थोडी वाचते, हा वरचा फायदा. काढायची तर गरम करून सोलून निघते.

चौथा मार्ग काचेच्या रंगाचा. ग्लास पेंटिंगसाठी स्टेशनरीच्या दुकानात थिनरवर विरघळणारे पारदर्शक रंग मिळतात, त्यातला लिंबू-पिवळा घ्यायचा. काच दिव्यातून पूर्ण सुटी करायची. रंग पातळ करून फवाऱ्याने दोन-तीन हलके थर द्यायचे. ब्रशच्या रेघा राहिल्या तर उजेडात त्या दिसतात. दिवसभर सावलीत सुकू द्यायचं आणि सुरुवातीला दिवे थोडाच वेळ लावायचे. उन्हाने हा रंग काही काळाने फिका पडतो, तेव्हा थिनरने पुसून परत लावायचा.

फिल्म असो की रंग, एक नियम पाळा: काचेच्या गुळगुळीत बाजूला लावा. त्या उभ्या रेघा नुसती नक्षी नाहीत, त्या भिंगाचं काम करतात. रेघांच्या खाचांत रंग साठला की झोत बिघडतो. बहुतेक फॉग लॅम्पना रेघा आतून असतात, म्हणून काम बाहेरून करायचं.

रंग जमला की नाही, हे बघायला एक जुनी सीडी घ्या. अंधारात दिव्याचा उजेड सीडीच्या चकचकीत बाजूवर तिरपा पडू द्या. इंद्रधनुष्य दिसेल. त्यातला निळा-जांभळा पट्टा गेला आणि हिरवा, पिवळा, लाल शाबूत राहिला, तर रंग बरोबर. हिरवाही मंदावला असेल, तर तुम्ही पिवळ्याऐवजी नारिंगी करून बसलात. नारिंगी हा इंडिकेटरचा रंग आहे. पुढच्या फॉग लॅम्पना युरोपच्या नियमात आणि आपल्याकडच्या एआयएस-008 या मानकातही पांढरा किंवा निवडक पिवळा, एवढेच रंग मान्य आहेत.

शेवटी दिवा नीट लावणं. सपाट जागेवर गाडी भिंतीपासून 5 मीटरवर उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण 10 सेंटीमीटर खाली यायला हवी. दोन्ही दिव्यांची कड एका पातळीत.

वीस मीटरचा हिशेब

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. 40 सेंटीमीटर उंचीवरचा, असा लावलेला दिवा 20 मीटरवर जमिनीला टेकतो. त्याच्या पुढे त्याचा थेट उजेड नाही.

आता गाडी थांबायला किती लागतं? माणसाला दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरू. ओला रस्ता आणि जुने ड्रम ब्रेक, म्हणून वेग दर सेकंदाला सेकंदी 4 मीटरने उतरतो असं धरू. ताशी 60 ला गाडी 60 मीटरवर थांबते. 40 ला साधारण 32 मीटर. 30 ला 21 मीटर. म्हणजे फक्त फॉग लॅम्पच्या भरवशावर दाट धुक्यात ताशी 30 सुद्धा जरा जास्तच झाले.

काच पांढरी असो की पिवळी, हे आकडे बदलत नाहीत. उलट धोका असा, की पिवळ्या उजेडात डोळ्याला बरं वाटतं. बरं वाटलं की जास्त दिसतंय असं वाटतं, आणि पाय नकळत दाबला जातो. आराम मिळाला तर तो जरूर घ्या, पण वेग ठरवताना तो हिशेबात धरू नका.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: घरात आकाशकंदिलाचा पिवळा जिलेटीन कागद आहे. तो आतून लावला तर चालेल का?

उत्तर: कार्यक्रमापुरता, दिवे न लावता, फोटोसाठी चालेल. दिवा लावल्यावर तो आक्रसतो, वितळतो आणि काचेला चिकटतो. ती काच साफ करताना आतल्या रेघांची वाट लागेल. रस्त्यावर नको.

प्रश्न: पिवळा एलईडी बल्बच बसवला तर? डायनामोवरचा भारही कमी होईल.

उत्तर: भार नक्की कमी होईल. पण तुमच्या दिव्याचा रिफ्लेक्टर एका बारीक तारेसाठी, ती एका ठरावीक जागी आहे असं धरून बनवलेला आहे. एलईडीत उजेड वेगळ्या जागेवरून आणि वेगळ्या आकारातून येतो. बऱ्याचदा वरची तीक्ष्ण कडच नाहीशी होते, आणि कड गेली म्हणजे फॉग लॅम्प गेला. बसवलाच तर भिंतीवर तपासा. कड स्पष्ट नसेल तर काढून टाका.

प्रश्न: रॅलीत परीक्षक पिवळ्या काचांचे गुण कापतात का?

उत्तर: ते त्या स्पर्धेच्या नियमांवर आणि तुमच्या गाडीवर आहे. फ्रेंच गाडीला पिवळं शोभतं, ते तिच्या इतिहासातच आहे. मूळ पांढऱ्या काचेच्या गाडीला विचारणा होऊ शकते. म्हणूनच मी सारखं सांगतोय, जे कराल ते उलटं फिरवता येईल असं करा. फिल्म सोलता येते, रंग पुसता येतो, बल्ब बदलता येतो.

प्रश्न: धुकं नसताना हे दिवे लावून ठेवले तर काय बिघडतं?

उत्तर: तुमचं नाही, समोरच्याचं बिघडतं. ओल्या रस्त्यावरून हा खालचा रुंद उजेड परावर्तित होऊन थेट त्याच्या डोळ्यांत जातो. शिवाय जवळचा रस्ता फार उजळला की तुमचेही डोळे त्या उजेडाला सरावतात आणि लांबचं कमी दिसतं. धुकं संपलं की स्विच बंद करायचा. दिवसा, गाडी उभी असताना, दाखवायला हवे तेवढे लावा.

वेळ झाली आहे, इथे थांबतो. ज्यांना भिंतीवरची आखणी समजून घ्यायची असेल, त्यांनी नंतर थांबा, मी फळ्यावर काढून दाखवतो.